पोल खेळाडूच्या मापाचा : शालेय पोल व्हॉल्टमधील साधननिवडीचा विचार

मुलांचे कपडे शिवायला टाकताना आपण शिंप्याला आवर्जून सांगतो, ‘जरा वाढत्या अंगाचे शिवा.’ त्यामागे काटकसरीचा शहाणपणा असतो. सदरा सैल झाला तर मूल बाह्या दुमडते. सायकल मोठी असली तर नळीखालून पाय घालून अर्धे पेडल मारते आणि वर्षभरात तिच्या उंचीला येते. आपल्या बहुतेक शाळांत क्रीडासाहित्यही याच हिशेबाने घेतले जाते. एक वस्तू घ्यावी, ती थोरामोठ्यांच्या मापाची असावी आणि सर्वांनी आळीपाळीने वापरावी. चेंडू, भाला, थाळी यांच्या बाबतीत वयोगट सांभाळले तर हा हिशेब पुष्कळसा निभावतो. मैदानी खेळांतील एका प्रकारात मात्र तो मुळीच चालत नाही. तो प्रकार म्हणजे पोल व्हॉल्ट, जुन्या पिढीच्या तोंडची बांबूउडी.

या खेळात मूल धावत येऊन आपले सगळे वजन आणि सगळा वेग एका लांब पोलवर सोपवते आणि काही क्षण जमिनीपासून तीनचार मीटर उंचीवर त्याच्याच आधाराने राहते. तो पोल त्या मुलाला जुळणारा नसेल तर बाह्या दुमडण्याची सोय तेथे नाही. म्हणून माध्यमिक शाळेतील खेळाडूसाठी पोल कसा निवडावा, हा प्रश्न केवळ क्रीडाशिक्षकाचा राहत नाही. मुलाला मैदानावर पाठविणारे पालक आणि शाळेला साहित्य भेट देऊ इच्छिणारे माजी विद्यार्थी यांनाही त्याची मूलतत्त्वे ठाऊक असणे हिताचे आहे. त्याच हेतूने हा विषय येथे क्रमाने मांडला आहे.

बांबूपासून फायबरग्लासपर्यंत

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही उडी खरोखरच बांबूवर मारली जात असे. अमेरिकेचे कॉर्नेलियस वॉर्मरडॅम यांनी १९४० साली बांबूच्या पोलवर १५ फूट, म्हणजे ४.५७ मीटर उंची पार केली. ती ओलांडणारे ते जगातील पहिले खेळाडू होते. १९४२ साली त्यांनी गाठलेली ४.७७ मीटरची उंची पुढे पंधरा वर्षे इतर कोणाला मागे टाकता आली नाही. त्यानंतर पोलाद आणि ॲल्युमिनियमचे पोल आले, आणि १९५०च्या दशकापासून काचतंतूंचा, म्हणजे फायबरग्लासचा पोल हळूहळू रूढ झाला. १९६२ साली जॉन युल्सेस यांनी फायबरग्लासच्या पोलवर १६ फूट, म्हणजे ४.८८ मीटर उंची पार केली, तेव्हा या बदलाची दिशा सर्वांना कळून चुकली. १९८५ साली पॅरिसमध्ये सर्गेई बुबका यांनी ६ मीटरची सीमा ओलांडली. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वीडनच्या आर्मांड डुप्लांटिस यांनी ६.२५ मीटर उंची पार केली. आपल्या देशात फेब्रुवारी २०२५मध्ये देहरादूनच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत मध्य प्रदेशच्या देव मीना यांनी ५.३२ मीटरचा राष्ट्रीय विक्रम केला. ऑलिंपिकमध्ये महिलांसाठी हा प्रकार २००० साली सिडनी येथे प्रथम समाविष्ट झाला.

या इतिहासातून एक गोष्ट ध्यानी घ्यावी. बांबू किंवा धातूचा पोल फारसा वाकत नसे. त्यामुळे तो कोणाच्या हाती आहे, याने त्याच्या वागण्यात मोठा फरक पडत नसे. फायबरग्लासचा पोल वाकतो आणि सरळ होतो, आणि किती वाकेल हे धरणाऱ्याच्या वजनावर व वेगावर ठरते. म्हणजे आधुनिक पोल हा सर्वांसाठी एकच असू शकत नाही. तो विशिष्ट शरीराला आणि विशिष्ट धावेलाच जुळतो.

पोल नेमके काय करतो

पोल खेळाडूला वर फेकतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः पोलजवळ स्वतःची शक्ती काहीच नसते. खेळाडूने धावून मिळविलेली ऊर्जा तो वाकून साठवून ठेवतो आणि सरळ होताना परत देतो. दिलेल्यापेक्षा अधिक तो परत करू शकत नाही.

शाळेत शिकलेल्या भौतिकशास्त्राने याचा ढोबळ अंदाज करता येतो. सेकंदाला ७ मीटर वेगाने धावणाऱ्या मुलाची गतिज ऊर्जा पूर्णपणे उंचीत बदलली, तर त्याच्या शरीराचा गुरुत्वमध्य सुमारे २.५ मीटर वर जाईल. वेग ८ मीटर असेल तर ही वाढ सुमारे ३.२५ मीटर होईल. धावताना गुरुत्वमध्य मुळातच जमिनीपासून सुमारे एक मीटर उंचीवर असतो, तो यात मिळवावा. प्रत्यक्षात काही ऊर्जा वाया जाते आणि हाताच्या रेट्याने काही भर पडते. तरीही निष्कर्ष बदलत नाही. उंची प्रामुख्याने वेगातून येते.

या हिशेबात मुलाचे वजन कोठेच आले नाही, हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात येईल. वजन येते ते पोल वाकविण्याच्या कामात. एकाच वेगाने धावणाऱ्या दोन मुलांपैकी जड मुलाची ऊर्जा अधिक असते, म्हणून ती साठवायला अधिक कडक पोल लागतो. तोच पोल हलक्या मुलाच्या हाती दिला तर तो पुरेसा वाकणार नाही आणि उभा राहण्यापूर्वीच थांबेल. उलट, हलक्या मुलाचा पोल जड मुलाला दिला तर तो गरजेपेक्षा जास्त वाकेल. पोलच्या निवडीचे सगळे शास्त्र या दोन टोकांच्या मध्ये सामावलेले आहे.

पोलवरील तीन आकडे

कारखान्यातून आलेल्या फायबरग्लासच्या पोलवर साधारणतः तीन गोष्टी नोंदविलेल्या असतात.

पहिली, लांबी. ती फुटांत किंवा मीटरमध्ये असते. शालेय वापरात ११ फूट (३.३५ मीटर), १२ फूट (३.६५ मीटर) आणि १३ फूट (सुमारे ४ मीटर) या लांबीचे पोल नेहमी दिसतात. जागतिक दर्जाचे पुरुष खेळाडू ५ मीटर किंवा त्याहून काहीशा लांब पोलवर उडी घेतात.

दुसरी, वजनमर्यादा. ती बहुधा पौंडांत असते आणि ५ पौंडांच्या टप्प्याने वाढते. एक किलो म्हणजे सुमारे २.२ पौंड. पोलवर १३० लिहिले असेल तर तो ५९ किलोपर्यंतच्या खेळाडूसाठी बनविला आहे, असा त्याचा अर्थ.

तिसरी, फ्लेक्सचा आकडा. पोल दोन्ही टोकांजवळ आधारावर ठेवून मध्यभागी ठरावीक वजन टांगतात आणि तो किती सेंटिमीटर खाली झुकला ते मोजतात. आकडा लहान असेल तर पोल कडक आणि मोठा असेल तर मऊ. समान वजनमर्यादेच्या दोन पोलांतील सूक्ष्म फरक यावरून कळतो. मात्र ही तुलना एकाच कंपनीच्या आणि एकाच लांबीच्या पोलांमध्येच करावी.

याखेरीज पोलच्या वरच्या भागात एक पट्टा आखलेला असतो. वरचा हात त्या पट्ट्याच्या वर जाऊ नये. छापलेली वजनमर्यादा पट्ट्याजवळच्या पकडीसाठी असते, ही बाब पुष्कळदा दुर्लक्षिली जाते. हात खाली सरकला की पोलची कामी येणारी लांबी कमी होते आणि तोच पोल अधिक कडक वागू लागतो. प्रशिक्षकांमध्ये रूढ असलेला ढोबळ हिशेब असा, की पकड १५ सेंटिमीटर खाली आली म्हणजे पोल सुमारे १० पौंडांनी, म्हणजे साडेचार किलोंनी कडक झाल्यासारखा वागतो.

निवडीचा क्रम

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. कपाटात कोणता पोल आहे, येथून सुरुवात करू नये. सुरुवात मुलापासून करावी.

पहिली पायरी वजनाची. वजन अंदाजाने किंवा मागच्या वर्षीच्या नोंदीवरून धरू नये, काट्यावर घ्यावे. माध्यमिक वयात मुले झपाट्याने वाढतात. जून महिन्यात ५८ किलो असलेला मुलगा डिसेंबरच्या स्पर्धेपर्यंत ६१ किलोंचा होऊ शकतो. ५८ किलो म्हणजे सुमारे १२८ पौंड, तेव्हा त्याला किमान १३० पौंडांचा पोल लागतो. ६१ किलो म्हणजे साडेचौतीस अधिक शंभर पौंड, म्हणून सहा महिन्यांनी तोच पोल त्याच्यासाठी अपुरा ठरतो आणि १३५चा घ्यावा लागतो. निवासी शाळांत मुलांच्या वजन-उंचीची नियमित नोंद ठेवण्याची सोय असते. ती नोंद क्रीडाशिक्षकाच्या हाती पोहोचली पाहिजे.

दुसरी पायरी पकडीच्या उंचीची. नवशिक्या मुलाने पोल उभा धरून हात पूर्ण वर करावा आणि जेथे पोहोचेल त्याच्या किंचित वर पकड घ्यावी. चारसहा पावलांच्या छोट्या धावेने पोल पेटीत रोवून तो सहजपणे उभा होतो का आणि आपण गादीवर आत जाऊन पडतो का, हे पाहावे. ते नित्य साधू लागले की पकड एकेक मूठ वर न्यावी. मुलाची उंची, मित्राची पकड किंवा पदकाची आशा यांवरून पकड ठरवू नये. जेवढ्या उंचीवरून मूल पोल उभा करू शकते, तेवढीच त्याची पकड.

तिसरी पायरी लांबीची. ठरलेली पकड पट्ट्याच्या जवळ पण खाली येईल, अशा लांबीचा पोल घ्यावा. पट्ट्यापासून पकड फार खाली राहत असेल तर पोल लांब पडतो आहे, असे समजावे.

चौथी पायरी कडकपणाची. मुलाच्या वजनाइतकी किंवा त्याहून किंचित अधिक मर्यादा असलेल्या पोलपासून सुरुवात करावी. वेग आणि कौशल्य वाढेल तसतसा ५ पौंडांच्या एकेका टप्प्याने कडक पोल द्यावा.

एका कल्पित उदाहरणाने हा क्रम स्पष्ट होईल. मुलाचे वजन ५८ किलो आहे आणि त्याची पकड ३.४० मीटरवर बसली आहे. शाळेत दोन पोल आहेत. एक ४ मीटर लांबीचा, १३० पौंडांचा. दुसरा ३.६५ मीटर लांबीचा, १३५ पौंडांचा. केवळ लेबल वाचले तर १३०चा पोल ५८ किलोंच्या मुलाला अगदी योग्य वाटतो. आता पट्टा पाहा. दोन्ही पोलांवर तो टोकापासून १५ सेंटिमीटर खाली आहे असे धरू. पहिल्या पोलवर पट्टा ३.८५ मीटरवर येतो आणि मुलाचा हात त्याच्या ४५ सेंटिमीटर खाली. वरच्या हिशेबाने तो पोल तीस पौंडांनी कडक झाला, म्हणजे १६० पौंडांसारखा वागू लागला. दुसऱ्या पोलवर पट्टा ३.५० मीटरवर येतो आणि हात त्याच्या फक्त १० सेंटिमीटर खाली. तो जेमतेम १४२ पौंडांसारखा वागतो. लेबलवर जड दिसणारा आखूड पोल या मुलासाठी प्रत्यक्षात सौम्य आहे. लांब पोल हाती देणे म्हणजे मुलाला मोठ्या उडीची संधी देणे, हा समज येथे साफ खोटा ठरतो.

नियम कोठपर्यंत साथ देतो

अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या मैदानी स्पर्धांत या बाबतीत स्पष्ट नियम आहे. खेळाडूचे वजन पोलवरील मर्यादेइतके किंवा त्याहून कमीच असले पाहिजे. ही मर्यादा पोलवर ठळक व वेगळ्या रंगात लिहिलेली असावी, हाताची कमाल जागा दाखविणारा पट्टा असावा आणि प्रत्येक खेळाडूचा पोल त्याच्या वजनाला साजेसा आहे याची खात्री प्रशिक्षकाने द्यावी, असे बंधन तेथे आहे. तेथील महाविद्यालयीन स्पर्धांत किंवा आंतरराष्ट्रीय नियमांत खेळाडूच्या वजनाची अशी अट नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पोल कोणत्याही पदार्थाचा, लांबीचा आणि जाडीचा चालतो. प्रौढ खेळाडूने आपली जबाबदारी आपण घ्यावी, पण शाळकरी मुलाच्या बाबतीत ती मोठ्यांनी घ्यावी, असा या फरकाचा अर्थ लावता येतो.

या नियमांमागे दुःखद अनुभव आहेत. २००२ साली काही आठवड्यांच्या अंतराने अमेरिकेत तीन तरुण खेळाडू या उडीत मृत्यू पावले. त्यानंतर तेथे गादीचा आकार वाढविण्यात आला आणि पुढे पेटीभोवती मऊ आवरण बसविणे शाळांना बंधनकारक झाले. या खेळातील गंभीर इजा प्रामुख्याने गादीच्या बाहेर कठीण जमिनीवर किंवा पोल रोवण्याच्या पेटीत पडल्याने होतात. उडीच्या उंचीपेक्षा पडण्याची जागा अधिक महत्त्वाची असते.

वजनाच्या नियमाने एक धोका टळतो. अतिमऊ पोल फार वाकून मोडू शकतो किंवा खेळाडूला गादीच्या मागे वा बाजूला भिरकावू शकतो. मऊ पोल सहज वाकतो, वाकताना मुलाला आपण मोठे खेळाडू झाल्यासारखे वाटते आणि सुरुवातीला उंचीही थोडी वाढते. म्हणून त्याचा मोह मोठा असतो. त्या मोहाला नियम आडवा येतो.

दुसरा धोका मात्र कोणत्याही नियमपुस्तकाने टळत नाही. पोल गरजेपेक्षा कडक असेल तर तो मुलाला उभ्या रेषेपलीकडे नेत नाही. मूल वर जाते, क्षणभर थांबते आणि मागे, धावपट्टीकडे किंवा पेटीत कोसळते. ४५ किलोंच्या मुलीच्या हाती १६० पौंडांचा पोल दिला तर अमेरिकेतील नियमाचाही भंग होत नाही, कारण तिचे वजन मर्यादेच्या आतच आहे. लेबल तपासणारा पंच तिला हरकत घेणार नाही. तिला थांबविणारी नजर फक्त तिच्या शिक्षकाची असते. ज्या शाळेत एकच मोठा पोल सर्वांसाठी असतो, तेथे नेमका हाच धोका रोज समोर उभा असतो आणि कागदोपत्री सर्व काही ठीक असते.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख आवश्यक आहे. वजनाच्या नियमात बसावे म्हणून मुलाने स्पर्धेआधी जेवण सोडणे किंवा खरे वजन लपविणे हे प्रकार सर्वथा टाळले पाहिजेत. वाढत्या वयातील मुलाला मापात बसविण्यासाठी उपाशी ठेवणे हा उपाय नाही. वजन वाढले तर पोल बदलायचा, मूल नव्हे. मुलींच्या बाबतीत हे विशेष जपावे, कारण त्यांच्या वजनाची चर्चा चारचौघांत होते तेव्हा त्या संकोचाने आकडा कमी सांगतात. वजन खाजगीत घ्यावे, नोंद शिक्षकापाशी राहावी आणि त्यावर थट्टा होऊ देऊ नये. ही शिस्त सुरक्षिततेचाच भाग आहे.

उडी वाचावी कशी

निवड बरोबर झाली की नाही याचे उत्तर मूल गादीवर कोठे पडते त्यात असते. प्रत्येक उडीनंतर शिक्षकाने पट्टी पडली की राहिली याआधी हे पाहावे.

मूल गादीच्या मधल्या भागात, पाठीवर, स्वस्थपणे पडत असेल तर पोल, पकड आणि धाव यांचा मेळ बसला आहे. त्या दिवशी काहीही बदलू नये.

मूल गादीच्या पुढच्या कडेला, पेटीजवळ पडत असेल तर उडी लगेच थांबवावी. प्रथम धाव मंदावली का आणि पोल उशिरा रोवला गेला का ते तपासावे. त्यानंतर पकड एक मूठ खाली घ्यावी. तेवढ्यानेही भागले नाही तर कमी कडक पोल द्यावा, पण मुलाच्या वजनाच्या खाली कधीही जाऊ नये. वजनाइतक्या मर्यादेचा पोलही उभा होत नसेल तर दोष पोलचा नाही. त्या मुलाला आणखी धावेचा व रोवण्याचा सराव हवा आहे.

मूल गादीच्या मागच्या भागात पडत असेल किंवा वर जातानाच पट्टीवर आदळत असेल तर पोल त्याला मऊ पडू लागला आहे. प्रथम पट्टीचे स्टँड मागे सरकवावेत. नियमाप्रमाणे पट्टी पेटीच्या मागच्या कडेपासून गादीच्या दिशेने ८० सेंटिमीटरपर्यंत नेता येते आणि शालेय मुलांसाठी ती मागच्या बाजूलाच ठेवणे इष्ट. त्यानंतर पट्ट्याच्या मर्यादेत राहून पकड थोडी वर न्यावी. मग एक टप्पा कडक पोल द्यावा.

कोणत्याही वेळी एकच बदल करावा. पकड, पोल आणि धाव तिन्ही एकदम बदलले तर उडी बिघडली कशाने आणि सुधारली कशाने, हे कोणालाच सांगता येत नाही. सरावात धाव आखूड असते, स्पर्धेत लांब. सामोरा वारा असेल तर वेग घटतो, पाठीमागून असेल तर वाढतो. म्हणून एकाच मुलाला एकाच आठवड्यात दोन वेगळे पोल लागू शकतात. त्यात चंचलपणा नाही, ती गरज आहे.

प्रगती मोजण्याचीही एक योग्य रीत आहे. पोल रोवण्याची पेटी जमिनीखाली २० सेंटिमीटर खोल असते. त्यामुळे ३.४० मीटरवर पकड असलेल्या मुलाचा हात पोल उभा होताना जमिनीपासून ३.२० मीटरवर असतो. त्याने ३.४० मीटर उंची पार केली तर तो आपल्या हाताच्या २० सेंटिमीटर वर गेला. पकड तेवढीच ठेवून हे अंतर वाढत गेले तर कौशल्य वाढले असे म्हणावे. नुसती पकड वाढवून मिळविलेली उंची टिकाऊ नसते.

शाळेने काय घ्यावे, काय टाळावे

पोल महाग असतात, दुमडता येत नाहीत आणि एसटीत किंवा रेल्वेच्या डब्यात सहज मावत नाहीत. म्हणूनच शाळेला एखादा पोल भेट मिळाला की तो सर्वांसाठी वापरण्याकडे कल होतो. देणाऱ्याची भावना थोर असते आणि पोलही उत्तम असतो, परंतु तो ज्याच्या मापाचा आहे असे मूल त्या वर्षी शाळेत असेलच असे नाही.

एका मोठ्या पोलऐवजी लहान पोलांची मालिका उपयुक्त ठरते. ४५ ते ६३ किलोंच्या मुलामुलींसाठी ३.३५ मीटर लांबीचे १००, ११० आणि १२० पौंडांचे, तसेच ३.६५ मीटर लांबीचे १२०, १३० आणि १४० पौंडांचे, असे सहा पोल असतील तर बहुतेकांची सुरुवात सुखरूप होते. एका शाळेला हे झेपणार नाही, पण तालुक्यातील दोनतीन शाळा मिळून ही मालिका बाळगू शकतात. माजी विद्यार्थ्यांच्या एखाद्या तुकडीने वर्षाला एक पोल दिला तरी काही वर्षांत ती पूर्ण होते. मात्र तो कोणत्या लांबीचा आणि कोणत्या मर्यादेचा हवा, हे क्रीडाशिक्षकाला विचारून ठरवावे. मापाची गादी आणि पेटीभोवतीचे आवरण नसेल तर पोलच्या आधी ते द्यावे.

फायबरग्लासचा पोल कापून आखूड करू नये. कापताच त्याच्यावरील आकड्यांना अर्थ उरत नाही. गावातील बांबू हा धावताना पोल वाहणे आणि खाली पकड धरून वाळूच्या खड्ड्यात रोवणे एवढ्या प्राथमिक सरावापुरताच ठेवावा. त्याच्यावर कोणतीही मर्यादा लिहिलेली नसते आणि तो कधी चिरेल हे सांगता येत नाही.

निगाही महत्त्वाची. पोल उन्हात जमिनीवर टाकून ठेवू नये, त्यावर खिळ्यांच्या बुटांनी पाय देऊ नये. बारीकशी खाच पडली तरी वाकताना ताण तेथेच एकवटतो आणि पोल तेथून मोडतो. सरावापूर्वी पोलवरून हात फिरवून तडा किंवा ओरखडा तपासावा, खालच्या टोकाचे रबरी बूच झिजले असेल तर बदलावे. तडा गेलेला पोल कोपऱ्यात ठेवून देऊ नये. त्याचे लगेच तुकडे करावेत, म्हणजे पुढच्या वर्षी अनवधानाने तो कोणी उचलणार नाही.

नोंदवही

या सर्व विवेचनाचे सार एका साध्या वहीत मावते. तीत मुलाचे नाव, त्या महिन्याचे वजन, पकडीची उंची, वापरलेला पोल आणि मूल गादीवर कोठे पडले, एवढे पाच रकाने असावेत. ही वही नियमित भरली गेली तर शिक्षक बदलला तरी मुलाची निवड बदलत नाही. नवा शिक्षक पहिल्याच दिवशी योग्य पोल योग्य हातात देऊ शकतो.

पालकांना तांत्रिक तपशील ठाऊक असण्याची आवश्यकता नाही. आपले मूल या खेळात असेल तर त्यांनी शाळेत येऊन एवढेच विचारावे, की सध्या त्याला कोणता पोल दिला आहे आणि तोच का. प्रश्नाचे उत्तर ‘शाळेत तोच एक आहे’ असे आले तर त्या पोलवरची उडी थांबविण्याचा आग्रह त्यांनी निःसंकोच धरावा. उत्तरात मुलाचे आजचे वजन, त्याची पकड आणि मागच्या आठवड्यात ते गादीवर कोठे पडले हे आले, तर मूल जाणत्या हातांत आहे असे समजून त्यांनी निश्चिंत मनाने घरी जावे.